लाकूडतोड्याची पिशवी

लाकूडतोड्याच्या ज्या गोष्टीवर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या वाढल्या, तिच्यातील नीतिबोध सर्वांच्या ध्यानात राहतो. परंतु तिच्यातील व्यवहाराकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नदीकाठी झाड तोडता तोडता त्या गरिबाची कुऱ्हाड पाण्यात पडते आणि तो काठावर बसून रडू लागतो. पुढे जलदेवता प्रकट होते, सोन्याची कुऱ्हाड दाखवते, चांदीची दाखवते, आणि त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होते. पण देवता येण्यापूर्वी तो रडला का, हे आपण मास्तरांना कधी विचारले नाही. तो रडला, कारण त्याचे सारे भांडवल एका वस्तूत सामावलेले होते. खांद्यावर कुऱ्हाड घेऊन तो घरून निघे, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस चाले. ती गेली की सगळेच गेले.

आज युरोप-अमेरिकेत जळाऊ लाकूड तोडावयास जो मनुष्य रानात शिरतो, त्याचे एखादे हत्यार नदीत पडले तर तो बहुधा रडणार नाही. कारण त्याच्या पाठीवरच्या पिशवीत आणखी दहा-बारा वस्तू असतात. मात्र त्या दहा-बारांपैकी एखादी क्षुल्लक वस्तू, बोटाएवढी कानस किंवा वाटीभर तेल, घरी विसरली तर त्याला दुपारच्या आतच परत फिरावे लागते. एका कुऱ्हाडीपासून या भरलेल्या पिशवीपर्यंतचा प्रवास हा लाकूडतोडीचा खरा इतिहास आहे. यंत्रांच्या इतिहासात इंजिनांची नावे असतात, अश्वशक्तीचे आकडे असतात. ते यंत्र कोणी, कसे आणि कशाच्या आधारावर रानात वाहून नेले याविषयी दोन ओळीही सापडत नाहीत. वास्तविक रानात हत्यार चालवण्याआधी ते तेथवर पोचवावे लागते, आणि पोचल्यावर दिवसभर चालते ठेवावे लागते. या दोन गरजांनी लाकूडतोड्याच्या आयुष्याला कसकसे वळण दिले, ते पाहण्याजोगे आहे.

प्रथम कुऱ्हाड. तिचे निम्मे अंग लोहाराकडून येते आणि निम्मे रानातच उगवते. दांडा मोडला तर भोवतालच्या शंभर झाडांपैकी एखादे नवा दांडा देण्यास उभेच असते. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण आपण घरभेद्याला लावतो. परंतु तिच्या पोटात ही साधी वस्तुस्थितीही दडलेली आहे, की या हत्याराची दुरुस्ती जंगलच करून देते. धार गेली तर ओढ्यातला एखादा बारीक पोताचा दगड चालतो. कोकणात राबासाठी कवळ तोडणारा शेतकरी कमरेला मागच्या बाजूस आकडी बांधतो आणि तीत कोयती अडकवतो. दोन्ही हात मोकळे राहतात, झाडावर चढता येते, आणि पाते अंगाला लागत नाही. हत्यार वाहून नेण्याचा प्रश्न इतक्या कमी सामानात आणि इतक्या नेटकेपणाने क्वचितच कोठे सुटला असेल. असा मनुष्य रानात कोणाचा मिंधा नसतो. तो एकटा जातो, एकटा तोडतो आणि आपल्या हत्याराला आपणच धार लावतो.

या स्वातंत्र्याला पहिला धक्का इंजिनाने दिला असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तो दिला लांब करवतीने. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या रेडवुड वृक्षांत आणि त्याच्या उत्तरेस ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतील प्रचंड फर वृक्षांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत कुऱ्हाडीच्या जोडीला दोन माणसांनी ओढावयाची लांब करवत आली. आठ-दहा फूट लांबीचे, मधून लवणारे पाते आणि दोन्ही टोकांस उभ्या मुठी. कामकऱ्यांनी तिला दिलेल्या टोपणनावाचा अर्थ ‘दुःखाचा चाबूक’ असा होतो, यावरून तिच्याशी त्यांचे नाते कसे होते याची कल्पना येईल.

या जोडीचे सामान पाहा. दोन कुऱ्हाडी, ती करवत, लोखंडी पाचरी आणि त्या ठोकावयास घण, शिवाय टोकाला लोखंड बसवलेल्या दोन फळ्या. त्या वृक्षांचे बुंधे मुळापाशी इतके फुगलेले असत, की माणसे खोडात खाचा पाडीत, त्यांत या फळ्या रोवीत आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर त्यांच्यावर उभे राहून करवत ओढीत. याखेरीज एक बाटली असे. तिला तारेचा आकडा लावलेला असे आणि तीत रॉकेल असे. लाकडातली राळ करवतीला चिकटली की पाते जागच्या जागी घट्ट धरले जाई. मग बाटलीतले चार थेंब पात्यावर शिंपडावे लागत. पुढे इंजिनाच्या काळात तेलाच्या डब्याला जे महत्त्व आले, त्याची ही बाटली पूर्वज होय.

पण या सामानात एक गोष्ट नव्हती, आणि तीच फार महत्त्वाची होती. धार लावण्याचे सर्व साहित्य छावणीत राहिले होते. लांब करवतीचे दात दोन प्रकारचे असतात: काही लाकडाचे धागे कापणारे, काही कापलेला कीस बाहेर ओढणारे. दोहोंच्या उंचीत केसाएवढे अंतर राखावे लागते, आणि कापणारे दात आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वाकवावे लागतात. हे काम रानात मांडी घालून होण्यासारखे नव्हते. त्यामुळे छावणीत धार लावणारा स्वतंत्र कारागीर असे. त्याची खोली निराळी, तिला भरपूर उजेड, आणि त्याचा मानही मोठा. त्याने करवत चांगली लावली तर जोडीचा दिवस सुखाचा, नाही तर हाडे मोडणारा. कुऱ्हाडवाला आपल्या धारेचा धनी होता. करवतवाला प्रथमच दुसऱ्याच्या धारेवर जगू लागला. त्या बदल्यात त्याला एक गोष्ट मिळाली. पलीकडच्या मुठीला एक जोडीदार मिळाला. झाड चुकीच्या बाजूस कलू लागले तर ओरडणारा, पायावर घाव बसला तर उचलून नेणारा मनुष्य नेहमी करवतीच्या लांबीइतक्याच अंतरावर असे.

आता साखळीकडे वळू. दातांची साखळी पात्याभोवती फिरवावी ही कल्पना लाकूडतोड्याच्या नव्हे, वैद्यांच्या डोक्यातून निघाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन वैद्यांनी हाडे कापण्यासाठी दातेरी साखळी योजली. घड्याळाच्या साखळीसारखी बारीक, दोन टोकांना दोन मुठी. हाडाखालून घालावयाची आणि आळीपाळीने ओढावयाची. अडलेल्या बाळंतिणीवर करावयाची शस्त्रक्रिया आणि सडलेले सांधे काढून टाकणे, हे तिचे उपयोग. पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीत बर्नहार्ड हाइने याने अशी साखळी एका चपट्या पात्याच्या कडेने बसवली आणि हँडल फिरवून ती चालवण्याची युक्ती काढली. त्या उपकरणाचे चित्र पाहिले तर आजच्या यंत्राची बाळमूर्ती पाहिल्यासारखे वाटते. जे हत्यार पुढे बलाढ्य वृक्षांचा काळ ठरले, ते जन्मास आले माणसाच्या वेदनेच्या खाटेशेजारी! भूल देण्याची विद्या तेव्हा अजून यावयाची होती. त्यामुळे हाड जितके लवकर कापले जाईल तितके रोग्याचे हाल कमी, एवढाच त्या साखळीमागचा दयाळू विचार.

लाकडासाठी ती साखळी वापरावी हा विचार अनेकांना सुचला. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स याने अखंड साखळी-करवतीचे पेटंट मिळवले. त्याच्या डोळ्यांसमोर तेच रेडवुड होते. परंतु पेटंटाच्या कागदावरून यंत्र रानात न्यावयाचे तर त्याचे वजन आड येत होते. १९२६ साली स्टुटगार्टच्या आंड्रेआस श्टील याने विजेवर चालणारी साखळी-करवत केली. ती लाकडाच्या अड्ड्यावर ठीक होती. पण झाडापर्यंत वीज कोण नेणार? १९२७ साली एमिल लेर्प याने पेट्रोलवर चालणारे यंत्र थुरिंगिया प्रांतातल्या डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून दाखवले आणि त्या डोंगराचेच नाव आपल्या कारखान्यास दिले. त्या यंत्राचे वजन ५८ किलो होते. श्टीलचे पेट्रोल-यंत्र १९२९ साली आले. ते ४६ किलोंचे. म्हणजे एक पोते! दोन माणसांनी दोन टोकांना धरून ते डोंगरावर चढवावयाचे, झाडापाशी कमरेइतक्या उंचीवर आडवे धरावयाचे, आणि शिवाय पेट्रोल, तेल, पाने आणि जादा साखळ्या यांची निराळी पेटी. यंत्राने हात वाचवले आणि पाठ मोडली, असा हा प्रकार होता. दोन माणसांची करवत जाऊन दोन माणसांचे यंत्र आले एवढेच. त्यामुळे जोडीदार मात्र अजून टिकून होता.

त्यामुळेच दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगातले जळाऊ लाकूड बव्हंशी जुन्याच हत्यारांनी तुटत होते. त्या युद्धात फिनलंडला बाहेरून कोळसा मिळेनासा झाला, आणि कडाक्याच्या थंडीत शहरे व आगगाड्या चालवण्यास लाकडाखेरीज गत्यंतर राहिले नाही. तेव्हा तेथे लाकूडतोडीचे श्रमदान सुरू झाले. एक घनमीटर रचलेल्या लाकडाला फिनिश भाषेत ‘मोत्ती’ म्हणतात; कचेरीतले कारकून, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी यांनी सुटीच्या दिवशी रानात जाऊन आपापल्या वाट्याची मोत्ती तोडावी अशी ती मोहीम होती, आणि वाटा पुरा करणाऱ्यास छातीवर लावावयास कुऱ्हाडीच्या आकाराचे चिन्ह मिळे. हातात कुऱ्हाड, धनुष्याच्या आकाराची हलकी करवत, आणि फडक्यात भाकरी. एवढ्या सामानावर कधी रान न पाहिलेली माणसे घराघराची चूल पेटती ठेवू शकली, याचे कारण हे की त्या हत्याराला मागून काही पुरवावे लागत नव्हते. यंत्राविषयी लिहिताना हा प्रसंग विसरता कामा नये.

युद्ध संपले आणि एका लहानशा घटनेने चित्र पालटले. ऑरेगन राज्यात जोसेफ बफर्ड कॉक्स नावाचा एक लाकूडकामकरी होता. १९४६ च्या शरद ऋतूत तो सरपण फोडीत असता एका खोडात त्याला लाकूड पोखरणारी अळी दिसली, असे सांगतात. तर्जनीएवढी ती अळी निर्धास्तपणे लाकूड खात चालली होती. रेषांच्या दिशेने जाई, रेषांना आडवी जाई, तिला दोन्ही सारखेच. कॉक्सने तिचे तोंड भिंगाखाली पाहिले. तिचे दोन जबडे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले होते आणि ते डावीउजवीकडून आळीपाळीने लाकडाची ढलपी काढीत होते. त्याने त्याच वळणाचे दात साखळीला बसवले आणि १९४७ साली पोर्टलंड येथे आपला धंदा सुरू केला. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच दाताच्या वंशातल्या आहेत.

या शोधाचे वर्णन करताना अळीचे कौतुक फार होते. ते व्हावेच, पण खरा फरक पडला तो कानशीत. आधीच्या साखळ्यांचे दात लांब करवतीसारखेच खरवडणारे असत, आणि त्यांना धार लावणे हे तसेच वेळखाऊ, कसबाचे काम होते. कॉक्सच्या वळलेल्या दाताला बोटाएवढी एक गोल कानस पुरते. दाताच्या पोटात ती बसते आणि तिची गोलाईच हाताला वाट दाखवते. छावणीतल्या कारागिराच्या खोलीत अडकून पडलेली धार पुन्हा लाकूडतोड्याच्या खिशात आली. करवतीने अर्धशतकापूर्वी हिरावून घेतलेले स्वातंत्र्य त्याला एका अळीने परत दिले म्हणा ना!

त्याच सुमारास वजनही झपाट्याने उतरले. हलक्या मिश्रधातूंची ओतकामे आली. कार्बुरेटरमध्ये तरंगत्या गोळ्याऐवजी पातळ पडदा आला, आणि यंत्र आडवे, तिरपे, कसेही धरले तरी इंजिन बंद पडेनासे झाले. १९४९ साली अमेरिकेत मॅक्युलक कंपनीने २५ पौंडांचे यंत्र बाजारात आणले. १९५० साली श्टीलचे एका माणसाने चालवावयाचे पेट्रोल-यंत्र आले, ते १६ किलोंचे. आणि १९५९ साली त्याच कारखान्याने ‘कॉन्ट्रा’ हे यंत्र काढले, ते १२ किलोंचे. १९२९ च्या यंत्राची शक्ती सहा अश्वशक्ती होती आणि १९५९ च्या यंत्राचीही तेवढीच. तीस वर्षांत शक्ती तीच राहिली, वजन मात्र चौथाईवर आले. या एका आकड्यात त्या तीस वर्षांचे सार आहे.

यंत्र एका हाती आले आणि जोडीदार घरी गेला. त्याच्या जागी पिशवी आली.

ही पिशवी उघडून पाहिली म्हणजे यंत्राच्या स्वभावाची ओळख पटते. प्रथम जोड-डबा: एकाच डब्याचे दोन कप्पे, मोठ्यात इंधन आणि लहानात साखळीचे तेल. इंधन म्हणजे नुसते पेट्रोल नव्हे. या इंजिनाला स्वतःचे वंगण इंधनातूनच मिळत असल्याने पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. पूर्वी पंचवीस भागांस एक भाग घालीत, आता बहुधा पन्नासांस एक. प्रमाण चुकले तर इंजिन भाजून जाते. साखळीचे तेल निराळे, दाट आणि चिकट. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने धावते आणि कोरडी धावली तर पाते जळते. टाक्या अशा बेताने केलेल्या असतात की आधी इंधन संपावे आणि मग तेल. म्हणून एक भरताना दुसरे भरावयाचे हा जुन्या माणसांचा नियम. हे तेल शेवटी रानातल्या मातीतच जिरते. त्यामुळे ऑस्ट्रियासारख्या देशाने १९९२ पासून साखळीसाठी खनिज तेलाला मनाई केली आणि मातीत विरघळून जाणारी वनस्पती-तेले आली.

मग कानशी. दाताच्या मापाप्रमाणे चार ते साडेपाच मिलिमीटर जाडीची गोल कानस, आणि दातांपुढच्या अटकावाची उंची उतरवण्यासाठी एक चपटी. प्रत्येक दाताला सारखेच हात मारावयाचे. एका बाजूस जास्त मारले तर करवत सरळ कापता कापता वळू लागते. साखळीतून पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे; धारदार साखळी ढलप्या टाकते. मग एक जोड-पाना, ज्याचे एक टोक नटासाठी आणि दुसरे स्क्रूसाठी. साखळी तापली की सैल होते, आणि सैल साखळी पात्यावरून उतरते. म्हणून हा पाना पिशवीच्या तळाशी ठेवीत नाहीत, वरच ठेवतात. जादा साखळी, जादा स्पार्क प्लग, हवेची गाळणी झाडावयास एक कुंचला.

आणि नंतर जुनी मंडळी. पाचर आजही लागते. फक्त लोखंडाची जाऊन प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची आली, कारण धावती साखळी लोखंडावर आदळली तर दात जातात. पाचर ठोकावयास कुऱ्हाड लागते. यंत्र लाकडात अडकून बसते तेव्हा यंत्राने यंत्र सुटत नाही. अडकलेले पाते तसेच ठेवून धड सोडवून घ्यावे लागते, आणि दुसरे पाते नसेल तर कुऱ्हाडीनेच ते मोकळे करावे लागते. इसापाच्या गोष्टीतली कुऱ्हाड अशी पिशवीतून अजून डोके वर काढून आहे. यंत्र नेताना इंजिन बंद ठेवावे, पात्यावर म्यान असावे, टोक मागे असावे. आणि इंधन भरलेल्या जागेपासून निदान तीन मीटर दूर गेल्यावाचून ते सुरू करू नये. कोयती आकडीत अडकवणाऱ्या माणसाला जी समज परंपरेने मिळाली, तीच येथे छापील सूचनांनी शिकवावी लागते.

पिशवीच्या शेवटच्या कप्प्यात ज्या वस्तू असतात त्या मात्र कुऱ्हाडवाल्याला ओळखता येणार नाहीत. रक्त थांबवण्याची दाब-पट्टी आणि शिट्टी. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की यंत्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चेहऱ्याकडे उसळते. १९७० नंतरच्या दशकात साखळी तत्क्षणी थांबवणारी अटक यंत्रांवर आली; मांडीवर असे कापड आले की साखळी लागताच त्यातले लांब धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी जाम होते. ही सारी योजना कशासाठी? करवतीच्या पलीकडच्या मुठीला जो मनुष्य होता तो आता नाही, म्हणून. आपण एकटे आहोत याची कबुलीच ती दाब-पट्टी आणि शिट्टी देत असतात.

काही दुखापतींवर तर पट्टीही नसते. सप्टेंबर १९५४ मध्ये जपानवर एक भयंकर तुफान आले. तोया-मारू नावाची बोट त्यात बुडून हजाराहून अधिक माणसे गेली, म्हणून त्या तुफानालाही तेच नाव पडले. होक्काइदो बेटावरची अफाट जंगले त्या रात्री आडवी झाली, आणि ते लाकूड किडण्यापूर्वी उचलण्यासाठी तेथे साखळी-करवती मोठ्या प्रमाणावर आल्या. दहा-एक वर्षांत कामगारांची बोटे थंडीत पांढरीफटक पडू लागली. स्पर्श कळेना, सदऱ्याची बटणे लागेनात. यंत्राच्या सततच्या थरथरीने बोटांतला रक्तप्रवाह बिघडला होता. कामगारसंघटनांनी हा प्रश्न धसास लावला. १९७० च्या सुमारास तेथे दिवसाकाठी दोनच तास यंत्र चालवावे अशी मर्यादा आली. यंत्र करणाऱ्यांनीही मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी उशा बसवल्या. पण ज्यांची बोटे गेली होती त्यांना त्या उशांचा काय उपयोग?

सामानाच्या खर्चाचा प्रश्नही असाच अंगावर आला. स्वीडनमध्ये लाकूडतोड्या स्वतःचे यंत्र घेऊन कामावर येई आणि मजुरी मात्र तोडलेल्या लाकडाच्या मापावर मिळे. धार लावण्यात गेलेला वेळ, बर्फातून सामान ओढण्यात गेलेला वेळ, दमल्यावर बसण्यात गेलेला वेळ, यांतून मजुरी निघत नाही. म्हणून माणसे घाई करीत आणि घाईत जखमी होत. १९७५ साली तेथील हजारो जंगलकामगारांनी संप केला. त्यांची मुख्य मागणी होती, मापावर मजुरी नको, महिन्याचा पगार द्या. बहुतेकांच्या पदरात ती पडली.

हे वाचताना आपल्याकडच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याची आठवण व्हावी. डहाणू-तलासरीच्या वारल्यांनी गोदावरी परुळेकर आणि त्यांचे सहकारी यांच्या नेतृत्वाखाली १९४५ ते १९४७ या काळात जो लढा दिला, त्यात १९४६ साली जंगलतोडीच्या मजुरीसाठी झालेला संपही होता. १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या, म्हणजे ठेकेदाराला बाजूस सारून तोडणाऱ्यालाच तोडीचा लाभ व्हावा. वारल्याच्या खांद्यावर केवळ कुऱ्हाड होती. मुंबई-पुण्याच्या वखारींत मणामणाने विकले जाणारे जळण अशाच कुऱ्हाडींखालून येत असे. आणि तोड संपल्यावरही उरलेला काटकुटका, डोक्यावर चुंबळ ठेवून मोळीने आणावयाचा, तो बायकांनी. आपल्याकडे जळणाच्या कामात सर्वांत मोठे ओझे हत्याराचे कधीच नव्हते. ते लाकडाचेच होते, आणि ते बाईच्या मानेवर होते. पाश्चात्त्य पुस्तकांत या ओझ्याचा हिशेब सापडत नाही.

साखळी-करवत आपल्या खेड्यांत आली ती उशिरा, आणि कोकणातल्या अनेकांच्या मनात तिची ओळख होक्काइदोप्रमाणेच एका वादळाशी जोडलेली आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारी भुईसपाट झाल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी रस्ते मोकळे केले ते याच करवतींनी. मग गावोगावी ‘कटर मशीन’ या नावाने ती रुळली. वाडीत पडलेल्या आंब्याचे तुकडे कोयतीने करावयाचे तर आठवडे लागतील. यंत्राने ते दिवसात होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. अडचण आहे ती पिशवीची. यंत्र आले, पण त्याच्याबरोबर जाड पायघोळ, कानांवरच्या टोप्या, तोंडावरची जाळी, दाब-पट्टी ही मंडळी आलीच असे नाही. पायांत चप्पल, डोक्याला रुमाल आणि हातात सेकंदाला वीस मीटर धावणारी साखळी, असा मनुष्य दिसला की छातीत धस्स होते. आपण हत्यार घेतले आणि त्याची पिशवी दुकानातच सोडून आलो.

याउलट नॉर्वेकडे पाहा. तेथे सरपण हा आता गरजेपेक्षा ममतेचा विषय झाला आहे. लाकूड तोडावे कसे, फोडावे कसे, रचावे कसे यावर लार्श मिट्टिंग या लेखकाने २०११ साली लिहिलेले पुस्तक प्रचंड खपले. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेथील सरकारी दूरदर्शनने सरपणावर सलग बारा तासांचा कार्यक्रम दाखवला, त्यात कित्येक तास केवळ जळती शेकोटी होती. आणि प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या त्या अशा की, निम्मे म्हणतात लाकडे साल वर करून रचावयास हवी होती, निम्मे म्हणतात साल खाली करून! ज्या समाजात पोटाची भ्रांत संपली आहे तेथेच अशी भांडणे शोभतात, हे खरे. तरीही त्या लोकांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शनिवारी सकाळी रानात जावयाचे तर शुक्रवारी रात्री मनुष्य ओट्यावर बसून साखळीला धार लावतो, डबा भरतो, पाचरी मोजतो, पट्टी जागेवर आहे ना ते पाहतो. त्याच्या दृष्टीने लाकूडतोड तेथूनच सुरू होते.

प्रत्येक नवे हत्यार माणसाला सांगते की मी तुझे श्रम वाचवीन. आणि बव्हंशी ते खरेही असते. ते एवढेच सांगत नाही की माझ्यामागून माझा एक संसार येणार आहे: माझे तेल, माझी कानस, माझा पाना, आणि मी उलटलो तर लागणारी तुझी मलमपट्टी. हा संसार ज्याने पाठीवर घेतला आणि ज्याला तो स्वतःच्या हाताने नीट राखता आला, त्याला हत्यार फळले. ज्याच्या वाट्याला हत्यार आले आणि संसार आला नाही, त्याने बोटे गमावली, पाय गमावले, कधी जीवही गमावला. एकट्या कुऱ्हाडीचा काळ परत यावयाचा नाही, आणि त्या काळातल्या मोळीखाली वाकलेल्या माना आठवल्या तर तो यावा असेही कोणी म्हणणार नाही. मात्र यंत्र विकत घेताना दुकानदाराला किंमत विचारतो, तशीच त्याच्या पिशवीची किंमतही विचारावी, आणि ती परवडत नसेल तर यंत्रही परवडत नाही असे समजावे.